बांबू तोडला तरी पुन्हा उगवतो: परसातून तो काढायचा कसा आणि निघालेल्या कचऱ्याचं करायचं काय

बांबू तोडला, जागा मोकळी झाली, आणि पुढच्या हंगामात त्याच जागी पुन्हा कोंब वर आले. पुन्हा तोडला, पुन्हा आले. मग एक दिवस कुंपणाशी लावलेला बांबू लॉनच्या मधोमध दिसतो, त्यानंतर फरशीच्या फटीतून, आणि शेवटी शेजाऱ्याच्या वाफ्यात. ज्यांच्याकडे हे चालू आहे त्यांच्या कष्टात काही कमी नसते. बहुतेकदा चुकते ती तोडण्याची वेळ, आणि तोडून झाल्यावर जमिनीत किंवा ढिगाऱ्यात जे मागे राहतं त्याकडे लक्ष जात नाही. या दोन गोष्टी नीट सांभाळल्या तर बांबू हटतो. एका दिवसात हटत नाही, पण हटतो.

तो पुन्हा का येतो

बांबू हे गवत आहे. वर उभा दिसतो तो त्याचा फक्त वाढलेला भाग. खरं झाड जमिनीखाली आडवं पसरलेलं असतं. या आडव्या खोडाला, म्हणजे रायझोमला, थोड्या थोड्या अंतरावर गाठी असतात, आणि प्रत्येक गाठीशी एक डोळा. त्या डोळ्यातून नवा कोंब येतो किंवा आडवी नवी शाखा फुटते.

कोंब जमिनीतून निघतो तोच पूर्ण जाडीचा. पुढे तो जाड होत नाही, फक्त उंच होतो, आणि ही सगळी उंची साधारण दोन महिन्यांच्या आत गाठतो. एवढ्या वाढीला लागणारं अन्न येतं कुठून? कोंबाला तर अजून पानं नसतात. ते सगळं खालच्या रायझोममध्ये साठवलेल्या पिठूळ साठ्यातून येतं. पानं उघडली की मग तो कोंब स्वतः अन्न बनवायला लागतो आणि खालची उधारी फेडायला सुरुवात करतो. म्हणजे कोंब पूर्ण वाढला आहे पण पानं अजून उघडलेली नाहीत, हे काही दिवस असे असतात की तेव्हा झाडाचा साठा सर्वांत कमी झालेला असतो. तेव्हा तोडलं तर केलेला सगळा खर्च बुडाला.

आता वर्षातून एकदा, सवड मिळेल तेव्हा बांबू तोडणाऱ्याचं काय होतं ते पाहा. त्या बांबूने कित्येक महिने पानं पसरून खालचा साठा पुन्हा भरून घेतलेला असतो. तुम्ही वरचं छाटता, तो खालून पुढच्या वेळची तयारी करून बसलेला असतो. वर्षानुवर्षं चाललेल्या या चक्राचं कारण एवढंच आहे.

आधी बांबू कोणता ते ओळखा

हे ठरवल्याशिवाय कुदळ हातात घेऊ नका, कारण दोन प्रकारच्या बांबूंना दोन वेगळे उपाय लागतात.

एका बांबूच्या बुंध्याशी वीतभर खणून पाहा. खाली जाड, आखूड, शिंगासारखं वाकलेलं भरीव खोड लागलं आणि सगळे बांबू एकमेकांना खेटून उभे असले, तर तो बेट करणारा बांबू आहे. बांबुसा, डेन्ड्रोकॅलॅमस, फार्जेसिया ही या प्रकारातली नावं. याचं बेट दरवर्षी थोडं थोडं रुंद होतं, पण तो दूर पळत नाही. बेट कापून गड्डा मुळासकट उपटला की काम बहुतेक संपतं. मेहनत मोठी असते, कारण जुना गड्डा फार जड आणि एकमेकांत गुंतलेला असतो. तो पहारीने आणि कुऱ्हाडीने तुकडे करूनच निघतो. पण मग वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागत नाही.

खाली बोटाएवढी, फिकट पिवळसर, दोरीसारखी लांब जाणारी काडी लागली, तिला जवळजवळ गाठी असल्या, गाठींतून बारीक मुळं आणि आळीपाळीने एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला टोकदार डोळे असले, तर तो पसरणारा बांबू. फायलोस्टॅकिस हा त्यातला सर्वांत जास्त त्रास देणारा गट. सोनेरी बांबू म्हणून शोभेसाठी लावला जाणारा फायलोस्टॅकिस ऑरिया याच गटातला. सासा आणि प्लायोब्लास्टस हे बुटके दिसतात, पण पसरण्यात तेही मागे नाहीत. वरूनही खूण मिळते. नवे कोंब जवळपास सरळ रेषेत उगवत असतील तर त्या रेषेखाली एक रायझोम धावतोय असं समजा.

बांबूसारखी दिसणारी दुसरीही झाडं असतात. जपानी नॉटवीडचं खोड पोकळ आणि गाठीगाठीचं असतं, पण पानं रुंद आणि फावड्याच्या आकाराची असतात, आणि थंडीत वरचा भाग मरून जातो. बांबूची पानं अरुंद, लांब आणि टोकदार असतात. नॉटवीड असेल तर पुढचं वाचून काम सुरू करू नका. त्याचे नियम निराळे आहेत.

पुढचा मजकूर पसरणाऱ्या बांबूबद्दल आहे.

तो येतोय कुठून, हा दुसरा प्रश्न. मूळ झाड तुमच्या हद्दीत असेल तर मोकळेपणाने कामाला लागा. ते कुंपणापलीकडे असेल तर शेजाऱ्यांशी बोलल्याशिवाय आणि मध्ये अडथळा घातल्याशिवाय इकडे कितीही खणलं तरी रसद चालूच राहणार. काही ठिकाणी पसरणारा बांबू लावण्यावर किंवा तो हद्दीबाहेर जाऊ देण्यावर कायद्याने बंधन असतं. तुमच्या स्थानिक संस्थेचा नियम विचारून घ्या, आणि कचरा टाकण्याचा नियमही त्याच वेळी विचारा. जमिनीखालून वीज, गॅस, पाणी किंवा केबल कुठून गेली आहे तेही खणायच्या आधी माहीत हवं. बांबूचा रायझोम आणि वायर जवळजवळ सारख्याच खोलीवर असू शकतात, आणि पहार दोघांत फरक करत नाही.

तोडणी

जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्यांना चष्मा. कोंबावरच्या सालपटांवर अतिशय बारीक लव असते. ती कातडीत शिरली की दिवसभर खाज सुटते.

लोपरने (लांब दांड्यांच्या फांद्या कापायच्या कात्रीने), करवतीने किंवा विजेच्या करवतीने जमिनीलगत कापा आणि आडवा, सपाट काप घ्या. कोयत्याने तिरका घाव घातला तर मागे भाल्यासारखं टोक उरतं. बूट फाडून पायात जाईल इतकं ते कडक असतं. बुंधा जमिनीपासून थोडा वर ठेवावा लागणारच असेल तर गाठीच्या लगेच वर कापा. दोन गाठींच्या मध्ये कापलं की उरलेला पोकळ पेला पावसाच्या पाण्याने भरतो आणि त्यात डास अंडी घालतात. ही बाब बहुतेक लोकांच्या लक्षातच येत नाही, आणि मोठी जागा साफ केली तर असे शेकडो पेले एकदम तयार होतात.

वाकलेले, एकमेकांत अडकलेले बांबू सावकाश तोडा. त्यांच्यात ताण साठलेला असतो, कापताच ते उसळतात. आधी बाहेरच्या कडेचे, मग आतले, असं गेलं तर पडायला जागा मिळते.

खणणी

छोट्या जागेसाठी यासारखा खात्रीचा उपाय नाही. आदल्या दिवशी जमीन चांगली भिजवा. धारदार फावड्याने किंवा कुदळीने जमीन चौकोनांत कापून घ्या म्हणजे रायझोमचे तुकडे पडतील आणि एकेक चौकोन उचलता येईल. बहुतेक रायझोम वरच्या ३० सेंटिमीटरमध्येच सापडतात, भुसभुशीत मातीत ४५ ते ६० पर्यंतही जातात. एक टोक हाती लागलं की ओढत, बाजूची माती मोकळी करत त्याच्या मागे जा. तुटला तर तुटलेली जागा लक्षात ठेवा आणि तिथूनच पुढे खणा, कारण मागे राहिलेल्या तुकड्याला एक जरी जिवंत डोळा असला तरी तेवढ्यावर तो पुन्हा उभा राहतो. निघालेली माती हाताने चाळावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण इथे वाचवलेली मेहनत पुढे अनेक पटींनी करावी लागते.

रोटाव्हेटर फिरवू नका. तो एका लांब रायझोमचे असंख्य तुकडे करून सगळ्या बागेत पसरवतो.

सगळी जागा खणणं शक्य नसेल, मोठ्या झाडांची मुळं मध्ये असतील किंवा शरीर साथ देत नसेल, तर उपासमार करायची. आधी सगळे उभे बांबू कापून टाका, म्हणजे खाली अन्न पाठवणारं एकही पान उरणार नाही. मग कोंबांच्या हंगामाची वाट पाहा. पसरणारे बांबू साधारण वसंतात कोंब काढतात, बेटाचे बहुधा उन्हाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतर. हंगाम सुरू झाला की दर काही दिवसांनी सगळ्या जागेत फेरी मारा. कोवळा कोंब लाथेनेही मोडतो. तो उंच वाढून पानं उघडण्याच्या बेतात असताना तोडला तर झाडाचं नुकसान सर्वांत जास्त, पण तेवढं लक्ष ठेवणं जमणार नसेल तर दिसला की तोडलेलाच बरा. एकाही कोंबाला पान उघडू द्यायचं नाही, एवढं पाळलं तरी पुरे. मुख्य हंगाम सरल्यावर बारीक, गवतासारखे हिरवे फुटवे येतात. लोक इथेच सोडून देतात, आणि नेमका त्या बारीक पानांवर खालचा साठा पुन्हा उभा राहतो. त्यांच्यावर गवत कापायचं यंत्र नियमित फिरवत राहा. सगळं नीट चाललं तर २ ते ३ वर्षं धरून चाला.

तणनाशकाबद्दल माझं मत सावध आहे. ग्लायफोसेट हिरव्या पानांतून किंवा ताज्या कापातून आत जातं आणि रायझोमपर्यंत पोचतं, म्हणून ते वापरायचंच असेल तर तोडणीनंतर फुटलेल्या आणि पानं पूर्ण उघडलेल्या फुटव्यांवर वापरतात. सुकलेल्या बुंध्यावर ओतून काही होत नाही, आणि एका फवाऱ्यात बांबू क्वचितच मरतो. ते हिरवं दिसेल त्याला मारतं, तेव्हा वारा नसताना, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे, पाण्यापासून दूर. इमॅझापिर जास्त प्रभावी आहे पण ते मातीत टिकतं आणि जवळच्या झाडांची मुळं ते शोषून घेतात. घराच्या परसात ते नकोच. तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या बांबूचा रायझोम एकच असेल तर इकडचं औषध तिकडे जाऊ शकतं, हेही त्यांना आधी सांगायला हवं.

मीठ, डिझेल, व्हिनेगर, उकळतं पाणी हे उपाय कुणी सुचवले तर ऐकू नका. माती खराब होते आणि खोल रायझोम शाबूत राहतो. प्लॅस्टिकचा कागद अंथरून बांबू मरेल हीही आशा नको. कोंबाचं टोक पातळ कागद सहज फोडतं, आणि जाड कागद असला तर रायझोम खालून कडेला जाऊन बाहेर निघतो. बांबू फुलला की मरतो हे अनेक जातींबाबत खरं आहे, पण फायलोस्टॅकिस बांबुसॉइडिससारख्या जातीचं फुलण्याचं चक्र सुमारे १२० वर्षांचं असतं. त्याच्या भरवशावर थांबता येणार नाही.

हद्दीवर अडथळा घालायचा असेल तर एचडीपीई नावाच्या चिवट प्लॅस्टिकचा जाड पत्रा, निदान १.५ मिलिमीटरचा, ६० ते ७५ सेंटिमीटर खोल. वरची कड जमिनीच्या ५ सेंटिमीटर वर राहू द्या, आणि पत्रा किंचित तिरका ठेवा, वरचं टोक बांबूपासून दूर झुकलेलं, म्हणजे आपटलेला रायझोम खाली न जाता वर वळेल आणि दिसेल. जोड पक्का हवा, सर्वांत आधी फुटतं ते तिथेच. अडथळा घातला म्हणजे सुटलो असं नाही. वर्षातून एकदा कडेने चालत जाऊन पत्र्यावरून उडी मारलेले रायझोम कापावेच लागतात. पत्रा नको असेल तर हद्दीवर फावड्याएवढा खोल चर खणून उघडा ठेवा आणि त्यात डोकावणारे रायझोम वर्षातून एकदोनदा छाटा. माझी पसंती चरालाच आहे, कारण आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

कचरा

बांबू काढण्याचं निम्मं काम ढिगाऱ्यात असतं, आणि बांबू पुन्हा येण्याचं एक मोठं कारणही तिथेच असतं. पहिल्या घावापासून तीन ढीग वेगळे करा: उभे बांबू, पानांचे शेंडे, आणि रायझोम. एकदा ते मिसळले की पुढचा प्रत्येक मार्ग अडतो, कारण रायझोम मिसळलेला कचरा कुठेच निर्धास्तपणे टाकता येत नाही.

पानं आणि बारीक डहाळ्या यांत धोका नाही. त्या पसरून आच्छादन म्हणून वापरा किंवा खतात घाला. पानांत सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो कठीण पदार्थ, असल्याने ती सावकाश कुजतात, पण कुजतात. शेंडे न तुडवता रचले तर ढीग फार मोठा दिसतो. डहाळ्या खोडाच्या लगत छाटून, एका दिशेने रचून, वर चढून दाबा. ढीग निम्म्याच्याही खाली येतो आणि गाडीच्या फेऱ्या वाचतात.

सरळ, पक्के बांबू फेकायची घाई करू नका. वेलींचे मांडव, रोपांचे आधार, छोटं कुंपण यांना ते उत्तम. तीन वर्षांपेक्षा जुने निवडा. कोवळे बांबू वाळताना चिरतात, सुरकुततात आणि त्यांना भुंगा लवकर लागतो. सावलीत, जमिनीपासून वर, हवा खेळेल असे वाळवा. ताजा बांबू थेट जमिनीत खोचू नका. बांबुसा वल्गॅरिससारख्या काही जातींचा ताजा कापलेला दांडा मुळं धरतो, आणि टोमॅटोच्या आधारातून नवं बेट उभं राहतं.

उरलेले बांबू यंत्रात घालून भुगा करायचा विचार असेल तर यंत्राच्या मालकाला आधी सांगा. सिलिकामुळे पाती लवकर बोथट होतात, आणि ओले लांब धागे रोलरला गुंडाळून यंत्र अडतं. वाळलेले बांबू त्यामानाने सोपे जातात. कचरागाडीला द्यायचे तर ते सांगतील त्या लांबीचे तुकडे करून घट्ट मोळ्या बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका, कापलेली टोकं पिशवी फाडतात आणि उचलणाऱ्याच्या हातात घुसतात.

जाळणं अनेक ठिकाणी मनाईचं असतं. परवानगी असली तरी एक धोका लक्षात ठेवा: दोन गाठींमधली बंद पोकळी तापली की आतली हवा आणि वाफ फुगून बांबू मोठ्या आवाजाने फुटतो आणि निखारे उडतात. प्रत्येक पेर उभं चिरून किंवा फोडूनच जाळावं.

आता रायझोम. यांना मातीवर टाकून ठेवू नका. ओल मिळाली तर ढीगच रुजतो, आणि मग ढिगाऱ्याच्या कडेने कोंब दिसायला लागतात. माती झटकून, मुळं छाटून, फरशीवर किंवा ताडपत्रीवर कडक उन्हात एका थरात पसरा आणि अधूनमधून उलटा. पाऊस आला तर झाका. किती दिवस लागतील हे ऊन आणि जाडी यांवर अवलंबून आहे, म्हणून दिवस मोजण्यापेक्षा तुकडा हातात घेऊन तपासा. वाकवला की लवतो, आतून हस्तिदंती आणि ओलसर दिसतो, डोळा नखाने दाबला तर टणक लागतो, तोपर्यंत तो जिवंत आहे. वाकवताच कडकन मोडला, आत कोरडा तपकिरी दिसला आणि डोळा नखाखाली चुरला की मेला. ढिगातले सर्वांत जाड तुकडे तपासा, बारीक तर केव्हाच वाळलेले असतात.

घरच्या खतकुंडीत ओले रायझोम घालू नका, ती पुरेशी तापत नाही. बागकचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायचे तर बांबूचे रायझोम आहेत असं स्पष्ट सांगून विचारा. काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी वेगळे मागतात. आणि ओढ्याकाठी, दरीत, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत तर ते कधीच टाकू नका. पाण्यासोबत वाहत गेलेला एक जिवंत तुकडा काठावर रुजतो आणि तिथून तो काढायला कुणीच येत नाही. परसातला बांबू रानात पोचतो तो बहुधा अशा फेकलेल्या ढिगांतून. खणलेली मातीही एक हंगाम स्वतःच्या नजरेसमोर ठेवा, कुणाला भरावासाठी देऊ नका.

पुन्हा कोंब आलेच तर

आलेला कोंब काय सांगतोय ते पाहून उपाय बदलायचा. सगळीकडे काडीसारखे बारीक कोंब येत असतील तर साठा संपत आलाय, चाललंय ते चालू ठेवा. एकाच ठिकाणी जाड कोंब आला तर तिथे मोठा रायझोम राहिला आहे, तेवढीच जागा खोल खणा. कुंपणाकडून रेषेत येत असतील तर पलीकडची जोडणी तुटलेली नाही, चर किंवा पत्रा तपासा. फरशी किंवा भिंतीलगत येत असतील तर खालचा रायझोम काढता येणार नाही. दोन्ही बाजूंनी तो तोडून अलग करा आणि बाहेर दिसणारं प्रत्येक पान खुडत राहा, अन्नाशिवाय तोही थकतो.

साफ केलेल्या जागेत लगेच झुडपं किंवा बारमाही फुलझाडं लावायची घाई नको. त्यांच्या आडोशाला एखादा फुटवा महिनोन्महिने लपून राहतो, आणि तो काढताना नव्या रोपांची मुळं उचकटली जातात. निदान दोन कोंबहंगाम तिथे साधं गवत ठेवा, म्हणजे वर आलेला प्रत्येक कोंब लांबून दिसेल आणि गवताबरोबर कापला जाईल. सलग दोन हंगाम एकही कोंब आला नाही की मग हवं ते लावा, आणि हद्दीवरचा चर मात्र दरवर्षी उघडून पाहत राहा.